डावीकडची चूल

औरंगपुऱ्यामागे, छ. संभाजीनगर
४ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास, सुकेशनी आक्काचा सप्रेम सलाम व अ. उ. आ. वि. वि.,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. फोन करून दमले म्हणून कागद घेतला. दर वेळी तुझी लीलाबाई फोन उचलते आणि तू कधी बाजाराला गेलेला असतोस, कधी अंघोळीला. दिवसातून चारदा अंघोळ करणारा पाळक साऱ्या वैजापुरात तू एकटाच असशील.

माझ्या पोटात गाठ निघाली आहे. नऊ डिसेंबरला काढणार आहेत. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, गाठीला मी घाबरत नाही. घाबरते ती दिवेलागणीला. त्या वेळी घरात माझ्याच चपलांचा आवाज येतो, तेवढाच. शेजारचे नानासाहेब आणि त्यांची नात श्रेया येऊन-जाऊन असतात, म्हणून दिवस तरी सरतो.

एक विचारायचं आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर तू जन्मभर बोललास. शेवटच्या दिवशी राजा सगळ्या राष्ट्रांना समोर उभं करील आणि मेंढपाळ कळप निवडतो तशी माणसं निवडील. मेंढरं उजवीकडं, त्याच्या राज्यात; शेरडं डावीकडं, कायमच्या आगीत. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं, परक्याला घरात घेतलं, आजाऱ्याच्या समाचाराला गेले, त्यांचं सगळं राजालाच पोचलं, कारण ते लहानातले लहान त्याचे भाऊ होते. मला वाटत आलं की हे भाऊ म्हणजे कुणीही. खाटेवर पडलेल्या माणसाचा धर्म मी कधी विचारला नाही. तू म्हणतोस, भाऊ म्हणजे प्रभूवर विश्वास ठेवणारे, बाकी कुणी नाही. असेल बाबा, मी काही धर्मशास्त्र शिकायला गेले नव्हते.

पण आपल्या आबांचं काय? बाप्तिस्म्याला बसलो तर तेवढा वेळ मेंढरं कोण बघणार, असं म्हणत म्हणत ते तसेच गेले. तुझ्या अर्थाप्रमाणे ते मला भेटतील की नाही, एवढं नऊ तारखेच्या आत कळव.

तुझ्या निवृत्तीच्या निरोपाच्या प्रवचनानंतर मी उभी राहून एक वाक्य बोलले, त्याचा राग अजून गेला नाही हे मला दिसतं. त्या दिवशी न जेवता उठून गेलास. पण वैजापूर ते इथं एसटीचा दोन तासांचा रस्ता. आजाऱ्याच्या समाचाराला जा असं जगाला सांगणारा माणूस नुसता लोकांचा समाचार घेण्यातच पटाईत निघावा, हे काही बरं नव्हे.

उरलासुरला लोभ असेल तो पाठवून दे.
तुझी
सुकेशनी आक्का


वैजापूर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास, अंगदचा प्रभूमध्ये सा. सलाम. वि. वि.,

पत्र पोचलं. गाठीचं वाचून लीलाबाई रडली. मी रोज प्रार्थना करीत आहे.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू आपले भाऊ म्हणून शिष्यांनाच दाखवतो. तेव्हा माझी समजूत अशी की प्रभूच्या माणसांना कसं वागवलं, यावरून राष्ट्रांचा न्याय होईल. कितीतरी मंडळ्यांतले पाळक तुझ्यासारखा अर्थ घेतात. त्यांना मी खोटं म्हणत नाही. पण सोयीचा वाटतो म्हणून अर्थ बदलता येत नाही, मग समोर बाप का असेना.

आणि आबांचं तू मला कोणत्या तोंडानं विचारतेस? भर मंडळीत उभी राहून तूच म्हणालीस की आमचे आबा शेरडांत जायचे. दोनशे माणसं बसली होती. जे माझ्या तोंडून कधी निघालं नाही, त्याचा निकाल तू माझ्या नावावर लावून मोकळी झालीस. चाळीस वर्षं हा उतारा वाचताना डावी बाजू आली की माझा आवाज बसायचा, आक्का. आबांचं मुंडासं दिसायचं. हे मी लीलाबाईलाही सांगितलं नव्हतं. तुला ते कसं कळलं आणि तू ते चव्हाट्यावर का मांडलंस, याचा उलगडा मला तीन वर्षांत झाला नाही.

माझे गुडघे धरले आहेत. प्रवास झेपेलसं वाटत नाही. प्रभू तुला सांभाळो.

कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं.
तुझा
अंगद

ता. क. आक्का, पाकीट चिकटवायच्या आधी मी लीला घाईनं लिहिते. ह्यांना ऐकू येत नाय. लई दिवस झाले, निवृत्त व्हायच्या आधीपासून. कानाला मशीन लावायची लाज वाटते म्हणून फोनला हात लावत नाहीत. मी सांगितलं असं म्हणू नका.


छ. संभाजीनगर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास, आक्काचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.,

लीलाबाईनं मला काही सांगितलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते.

अरे बहिऱ्या! मी म्हणाले होते, आमचे आबा शेरडांना आत घ्यायचे. आत घ्यायचे! आणि तू ऐकलंस, शेरडांत जायचे. दोन-चार अक्षरांपायी आपली तीन वर्षं गेली. वाचून आधी पोट धरून हसले आणि मग बराच वेळ रडले. तीन नाताळ मी एकटीनं करंज्या तळल्या रे, आणि तुझ्या वाटणीच्या शेजारी वाटून टाकल्या.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल. थंडीच्या दिवसांत ऊन कललं की आबा कळप निवडायला बसायचे. मेंढरांच्या अंगावर लोकर, म्हणून ती बाहेर काट्याच्या कुंपणात, वाडग्यात राहायची. शेरडांना गारठा सोसत नाही. ती झोपडीच्या आत, दाराच्या डाव्या हाताला, चुलीपाशी. तू एका करडाच्या पोटाला डोकं लावून झोपायचास आणि उठल्यावर तुझ्या अंगाला त्याचाच वास यायचा. निवडणं म्हणजे टाकून देणं नव्हे, एवढंच मला त्या दिवशी मंडळीला सांगायचं होतं. राजाच्या डावीकडची आग चुलीची नाही, हे मलाही वाचता येतं. पण निवडणाऱ्या हाताची मला भीती वाटत नाही, कारण तसला एक हात मी पाहिला आहे.

चार दिवस झाले, अंथरूण धरलं आहे. नानासाहेबांच्या घरून ताक-भात येतो. श्रेया कॉलेजला जायच्या आधी माझी वेणी घालते. आता तुझाच अर्थ धरून चाल. माझा बाप्तिस्मा झालेला आहे, म्हणजे त्या राजाचं लहानातलं लहान माणूस मीच. मग घरात गणपती बसवणारे आणि मला ताक-भात देणारे नानासाहेब त्या दिवशी कोणत्या बाजूला उभे राहतील? आणि सख्ख्या बहिणीला भेटायला न येणारे, गुडघे धरलेले आमचे पाळकसाहेब?

हा मी तुझा समाचार घेतला. आता तू माझ्या समाचाराला ये.

लोभ तुझ्याकडं अडकून पडला आहे, तो सोडव.
तुझी
आक्का


वैजापूर
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास, अंगदचा सा. सलाम. वि. वि.,

लीलाबाईनं काही सांगितलेलं नसताना तुला सगळं कळलं, हे नवलच. ती दोन दिवस माझ्याकडं न बघता भाकरी वाढते आहे.

खरं आहे, मला ऐकू येत नाही. शेवटच्या वर्षी मंडळी गीत गायची तेव्हा मी नुसती तोंडं बघत उभा असायचो. पाळकाला आपलं ऐकू येत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी जास्तच बोलू लागलो. आता कुणी बोलावत नाही आणि मी जात नाही. उपासनेला मागच्या बाकावर बसतो, आमेन कधी म्हणायचं ते पुढच्यांच्या मानांवरून ओळखतो. फार एकटं वाटतं, आक्का. हे तुला तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

नानासाहेबांबद्दलचं तुझं म्हणणं वाचलं आणि तुला खोडून काढायला पुस्तकं घेऊन बसलो. खोडता येईना. तशात मिशनच्या शाळेतल्या द्वारकाबाई आठवल्या. तू दहाची, मी सहाचा. त्या गावोगाव पायी फिरायच्या. हिवतापानं फणफणून त्या गिरजा नदीच्या पलीकडं पडल्या होत्या, नदीला पाणी चढलं होतं. आबांनी त्यांना खांद्यावर घालून अलीकडं आणलं. नऊ दिवस आपल्या झोपडीत शेरडीच्या दुधावर ठेवलं आणि स्वतः बाहेर वाडग्यात झोपले. म्हणून तर पुढं आपण शाळेत गेलो.

द्वारकाबाई प्रभूच्या होत्या, याबद्दल कुणालाच कधी शंका नव्हती. परक्या होत्या, आजारी होत्या, तहानेल्या होत्या. म्हणजे मी चाळीस वर्षं ज्या अर्थावर अडून बसलो, त्याच अर्थानं आबा केव्हाच आत गेलेले आहेत. मी दारात उभा राहून इतरांना ते दार दाखवत होतो आणि माझा बाप त्यातून गेलेला मला दिसला नाही. तो उतारा पुन्हा वाचून झाल्यावर मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

निकाल लावणारा मी नव्हे. बाप्तिस्म्यावरची माझी श्रद्धा होती तशीच आहे. पण तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आबा भेटतील. राहिला तो माझा प्रश्न, मी कोणत्या बाजूला. तो तू विचारला आहेसच, आणि तेवढा परिच्छेद मी लीलाबाईला वाचून दाखवला नाही.

आठ तारखेला पहिल्या एसटीनं निघतो. तू बोललेलं मला कळणार नाही, म्हणून एक कोरी वही घेऊन येतो.

लोभ सोडवला आहे, सोबत आणतो.
तुझा
अंगद


दवाखाना, छ. संभाजीनगर
९ डिसेंबर २०२५
(तुझ्याच वहीत)

समोर बसलेल्या चि. अंगद यास, आक्काचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.,

हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला पत्र लिहायची पाळी माझ्यावरच यायची होती.

मघाची प्रार्थना तू किती मोठ्यानं केलीस याची तुला कल्पना नाही. पलीकडच्या खाटेवर फुलंब्रीच्या बानाबाई आहेत. ह्या बाबाला गप करा, असं त्यांनी आधी सिस्टरला सांगितलं. मग तू थांबलास तेव्हा म्हणाल्या, माझं बी नाव घ्या म्हणावं त्यान्ला. तुला ते ऐकू आलं नाही म्हणून लिहिते. मला आत नेलं की त्यांच्यासाठी कर, आणि तेवढ्याच मोठ्यानं कर. त्यांच्याकडं कालपासून कुणी आलेलं नाही.

माझी पिशवी श्रेयाकडं आहे. नानासाहेबांनी तुझ्यासाठी डबा पाठवला आहे, तो न जेवता उठू नकोस.

परत आले तर पुढचं ह्याच पानावर लिहीन. नाही आले तर आबांना तुझा सलाम सांगेन. ते पहिलं तुझंच विचारतील. मी म्हणेन, अंगद आला होता.

माझ्या डाव्या हाताला बसला आहेस हे लक्षात येऊन तू मघाशी खुर्ची उचलायला निघालास, ते पाहिलं मी. हलवू नकोस. आपली चूल त्याच बाजूला होती.

लोभ समोरच बसला आहे, तेव्हा आज मागत नाही.
तुझी
आक्का