पोटच्या मुलाच्या लग्नाला हरकत आणि सुनेच्या नोंदीबाबत

दिनांक : ९ जून

प्रति,
मा. विवाह नोंदणी अधिकारी,
विवाह नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : अर्जदार हिच्या मुलाने स्वतःस 'अविवाहित' म्हणवून दिलेल्या लग्नाच्या नोटिशीस हरकत घेणेबाबत, तसेच अर्जदार हिच्या सुनेची सून म्हणून नोंद होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाच्या फलकावर लावलेली सदर नोटीस.
२) त्याबाबत आपल्या कारकुनांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर : "आजी, तुम्ही घरी जा."

महोदय,

अर्जदार घरी गेली होती. घरी बसून काहीही उपयोग होत नाही असे दिसून आल्याने व नोटिशीची मुदत संपत आल्याने हा लेखी अर्ज सादर करीत आहे.

१. अर्जदार ही विधवा असून जुन्या थिएटरच्या मागे लाँड्री चालवते. दवाखान्याच्या चादरी, खाटकाचे एप्रन, हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि लोकांनी लाजेकाजेस्तव घरी न धुतलेले पुष्कळ काही तिच्या हातांखालून गेलेले आहे. तिला आजवर कशाचीही किळस आली नव्हती. ती आता आलेली आहे, आणि पोटच्या मुलाची आलेली आहे. हे लेखी देताना लाज वाटते, परंतु लाजेपेक्षा किळस जास्त असल्यामुळे देत आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून अर्जदार पुष्कळ दिवस गप्प बसली.

२. सदर मुलगा जाहिरात कंपनीत कामाला आहे. सहा वर्षांपूर्वी त्याचे लग्न ठरले. मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढणारी, कमी बोलणारी, सरळ. मुलाने घरात जाहीर केले की लग्न बाहेरगावी तळ्याकाठच्या हॉटेलात होईल व ते संपूर्णपणे उत्स्फूर्त असेल. म्हणजे सगळे नातेवाईक सहलीला म्हणून जमतील आणि तिथे एकाएकी लग्न होईल. या एकाएकीची तयारी चार महिने चालली होती. कोणी कुठे उभे राहून चकित व्हायचे हे आधी ठरलेले होते व चकित होण्याची तालीम हॉटेलच्या मीटिंगच्या खोलीत दोनदा घेण्यात आली. अर्जदार हिची धाकटी बहीण, म्हणजे मुलाची मावशी, तोंडावर हात ठेवून चकित झाली, ते खोटे वाटते म्हणून तिला मागच्या रांगेत धाडण्यात आले. मावशीने तेव्हापासून त्याच्याशी बोलणे टाकले आहे. अर्जदार हिचे त्यास अनुमोदन आहे.

पाहुण्यांनी फिक्या रंगाचेच कपडे घालावेत असाही हुकूम होता. ते सगळे कपडे अर्जदार हिने स्वतः धुऊन, कडक इस्त्री करून, हँगरला लावून नेले. ते पाहून मुलगा म्हणाला, "आई, फार ठरवल्यासारखे दिसतायत गं. थोडे चुरगाळ ना." उभा जन्म इस्त्री हातात धरलेल्या बाईला तिच्या मुलाने हॉटेलच्या पलंगावर बसवून वीसेक माणसांचे कपडे चुरगाळायला लावले. 

३. आता कायद्याविषयी. लग्न कायदेशीर व्हावे म्हणून जे काही करावे लागते ते सर्व सुनेने केले होते. रजा काढून तळ्याकाठच्या तालुक्याच्या कार्यालयात तिने खेटे घातले, नोटीस दिली, मुदत भरू दिली, परवानगी घेतली आणि नोंदणी कारकुनाने रजिस्टर घेऊन हॉटेलवर यावे याचीही रीतसर व्यवस्था केली. तो गृहस्थ बसने आला. वाटेत त्याला उलट्या झालेल्या होत्या, तरी तो वेळेवर आला, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

लग्नाचे टेबल तळ्याच्या अगदी काठाशी मांडले होते. त्यावर कारकुनाने आपले रजिस्टर ठेवले. ते जाडजूड, चॉकलेटी कापडाच्या पुठ्ठ्याचे, लाल दोरीने बांधलेले होते. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिले आणि तो म्हणाला, "काका, ते पुस्तक फ्रेममधून काढा, घाण दिसतंय." मुलगाही म्हणाला, काढा. रजिस्टर उचलून हॉटेलच्या टॉवेल ठेवायच्या खोलीत नेण्यात आले. त्याच्या जागी हॉटेलचे जेवणाचे मेनूकार्ड आणले, कारण त्याचा कागद दुधी रंगाचा होता. सही करायला एक मोठे पांढरे पीस आणले, त्यात शाई नव्हती. वधूवरांनी एकमेकांना वचने दिली, अंगठ्या घातल्या, आणि सुपांच्या यादीखाली कोरड्या पिसाने सह्या केल्या. साक्षीदार म्हणून अर्जदार हिनेही केली. सगळे ठरल्याप्रमाणे चकित झाले.

कारकून दोन्ही हात वर करून सांगत होता, "अहो, खरी सही राहिली!" त्यावर मुलगा म्हणाला, "काका, सूर्य थांबणार आहे का? सही काय, नंतर करू." सूर्य बुडाल्यावर सुनेने त्याला आठवण करून दिली, तेव्हा पाण्यावर दिवे सोडतानाचे फोटो चालले होते. पुन्हा करून दिली, तेव्हा तो नाचत होता. ती एकटी टॉवेलच्या खोलीत जाऊन रजिस्टरपाशी उभी राहिली. परंतु लग्नाला दोन सह्या लागतात. शेवटची बस धरायची असल्याने कारकून रजिस्टर काखोटीला मारून गेला. पुढे परवानगीची मुदत संपली. सून पुन्हा नोटीस देऊ म्हणायची आणि मुलगा "पुढच्या आठवड्यात" म्हणायचा. तो आठवडा सहा वर्षांत उगवला नाही.

४. या सहा वर्षांत सुनेने संसार केला. त्याला काविळीने घेरले तेव्हा ती रात्रपाळी करून त्याच्या उशाशी बसली. अर्जदार हिच्या दुकानात पाणी शिरले तेव्हा गिऱ्हाइकांची गाठोडी डोक्यावरून वाहून नेणारी सूनच होती. मुलगा तेव्हा तिथे आला व पाण्याचे फोटो काढून गेला. तेव्हा मेनूकार्डावर का होईना, लग्न झाले होते की नव्हते, हे कुणी कुणाला विचारले नाही.

५. गेल्या हिवाळ्यात मुलाची ओळख एका प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्या बाईंशी झाली. त्या बाईंविषयी अर्जदार हिची तक्रार नाही; त्यांना काय सांगितले गेले आहे हे अर्जदार हिला ठाऊक नाही, पण खरे सांगितले नसणार हे ठाऊक आहे. मुलगा घटस्फोटासाठी वकिलाकडे गेला. वकिलाने लग्नाचा दाखला मागितला. दाखला नाहीच, हे कळल्यावर मुलगा लॉटरी लागल्यासारखा हसत घरी आला. अर्जदार तेव्हा तिथेच बसलेली होती. तो सुनेला म्हणाला, "अगं, आपलं लग्नच झालेलं नाहीये! म्हणजे भांडण नाही, कोर्ट नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

खोकला म्हणजे सून. ती लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. मग तिने विचारले, "मग मी सहा वर्षं इथं कोण होते?" त्यावर तो म्हणाला, "असं काय धरून बसतेस? छान गेला ना आपला वेळ." महोदय, अर्जदार हिने पुष्कळ घाण पाहिलेली आहे. घाणीला निदान वास येतो, माणूस सावध होतो. हे वाक्य तो अत्तर लावून, हसऱ्या तोंडाने बोलला.

त्याने सुनेला घर सोडायला एक महिना दिला आणि तो आपण मैत्रीखातर देत आहोत असेही सांगितले. ती दुसऱ्याच दिवशी दोन बॅगा घेऊन अर्जदार हिच्याकडे, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायला आली.

६. यानंतर मुलाने आपल्या कार्यालयात नोटीस दिली आणि वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'अविवाहित' असे लिहिले. चोर तो चोर, वर शिरजोर. नवे लग्नही उत्स्फूर्तच होणार असून ते एका बेटावर आहे. मात्र या खेपेस कागद आधी आणि बेट नंतर, कारण नव्या बाईंनी तशी अट घातली आहे. एवढ्यावर न थांबता मुलगा साक्षीदार हवी म्हणून अर्जदार हिच्याकडे आला. म्हणाला, "तुला अनुभव आहे." सोबत पहिल्या लग्नातला कोट आणला होता. बेटावर तोच घालायचा आहे, फक्त कॉलरवरचा डाग तेवढा निघाला तर बरे. तो डाग सुनेच्या लिपस्टिकचा आहे. सून त्याच वेळी वरच्या खोलीत होती आणि जिना उघडा आहे. अर्जदार हिने तो कोट चिमट्याने उचलून त्याच्या हातात परत दिला. त्यावर तो म्हणाला, "आई, तू ना, फार भावनिक होतेस." दुकानात गिऱ्हाईक उभे होते म्हणून बरे, नाहीतर तापलेली इस्त्री जवळच होती.

७. अर्जदार त्यानंतर आपल्या कार्यालयात आली होती. दोन मजले चढून तिने हरकत सांगितली. कारकून म्हणाले, पहिले लग्न कागदावर नाही, मग हरकत कशाची? पुरावा आणा. अर्जदार हिने लग्नाच्या फोटोंचा अल्बम आणला. कारकुनांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही दाखवला, आणि मग त्यांच्या पुतणीचे लग्न असल्याने फोटोग्राफरचा नंबर मागितला. अर्जदार हिने नंबर दिला नाही. इतके फोटो असताना लग्न झालेले नाही आणि एक सही असती तर झाले असते, हे कायद्याने बरोबर असेलही. अर्जदार कायदा शिकलेली नाही. परंतु ज्याने सही टाळली त्यालाच त्या टाळण्याचा फायदा मिळावा, हे कुठल्या देशात, कुठल्या भाषेत शोभते, याचा आपण खुलासा करावा.

८. मुख्य गोष्ट यापुढे आहे. गेल्या आठवड्यात अर्जदार हिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले; दुसऱ्या डोळ्याने तिला आधीच अंधुक दिसते. मुलगा बेटावर जागा पाहायला गेला होता. सोबत सून होती. तिनेच भरती केले, तिनेच फॉर्म भरला. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यावर पट्टी असताना नर्सने कागद मोठ्याने वाचले. औषधे वाचली, पथ्य वाचले आणि मग वाचले, "सोबत आलेली व्यक्ती. पेशंटशी नाते, परिचित."

अर्जदार म्हणाली, "परिचित कोण? ही माझी सून आहे." नर्स म्हणाली, "मावशी, त्यांनीच लिहिलंय हो." अर्जदार हिला दिसत नव्हते, त्यामुळे सुनेचा चेहरा कसा झाला होता हे सांगता येणार नाही. रिक्षात तिने सांगितले की खोटे लिहायला तिचा हात धजला नाही. आणि दुसरेही सांगितले, की तिने दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदलीसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. "इथं मी कुठल्या नात्यानं राहू, आई?" असे तिने विचारले. डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असल्याने अर्जदार हिला रडायचीही सोय नव्हती.

९. सबब अर्जदार हिची मागणी अशी :

(अ) मुलाच्या नोटिशीतील 'अविवाहित' हा शब्द खोटा आहे, अशी ही हरकत दप्तरी घ्यावी व त्याला समोर बोलावून, आईच्या देखत, तो शब्द पुन्हा उच्चारायला लावावा.

(ब) सहा वर्षांपूर्वीचे लग्न नोंदवून घ्यावे. मुलाला नको असल्यास त्याची सहीशिवाय सोय पाहावी.

(क) वरील दोन्ही गोष्टी नियमात बसत नाहीत असे आपण कळवाल, याची अर्जदार हिला कल्पना आहे. तसे असल्यास लग्न राहू द्या. अर्जदार आणि तिची सून यांचे सासू-सुनेचे नाते थेट नोंदवून घ्यावे. मुलगा मध्ये असायलाच हवा असे काही नाही; तो तसाही कधी मध्ये पडला नाही. दोन सज्ञान बायका आहेत, दोघी राजीखुशीने तयार आहेत, कोणी कोणावर दबाव आणलेला नाही. नोटीस लावा, मुदत ठेवा, कोणाची हरकत असेल तर त्याने यावे. मुलगा आला तर अर्जदार त्याच्याशी बोलून घेईल. अशा नात्याला रकाना नसेल तर तो आखावा. पट्टी आणि पेन अर्जदार घेऊन येईल.

तशी नोंद झाली म्हणजे सुनेला बदलीचा अर्ज द्यावा लागणार नाही, एवढाच अर्जदार हिचा स्वार्थ आहे.

१०. डोळ्यावर पट्टी असल्याने अर्जदार हिने हा अर्ज तोंडी सांगितला असून सुनेने तो लिहून घेतला आहे. 'किळस' हा शब्द तिला नको होता, तो अर्जदार हिच्या आग्रहावरून ठेवला आहे. खोकल्याचे वाक्य लिहिताना तिने पेन खाली ठेवले होते, नंतर पुन्हा उचलले. मागणी (क) ऐकून ती म्हणाली, "असं कुठं असतं का, आई?" अर्जदार म्हणाली, "तू लिही." तिने लिहिले. सदर मजकूर तिने अर्जदार हिला दोन वेळा वाचून दाखविला असून तो खरा व बरोबर आहे.

आपल्या लेखी उत्तराची अर्जदार वाट पाहील. खिडकीतून दिलेले चालणार नाही.

सोबत : १) लग्नाचा अल्बम (पाहून परत करावा). २) डोळ्यांच्या दवाखान्याचा भरतीचा कागद. ३) सुनेचा बदलीचा अर्ज, अद्याप न दिलेला.

आपली नम्र,
(अंगठा, डोळ्यावर पट्टी असल्याने)
अर्जदार, लाँड्रीवाली

अर्ज लिहून घेणार : (सही)
अर्जदाराशी नाते : सून