दोन घरचं देवक

प्रिय वैष्णवी,

पाकीट बघून तुला वाटेल, आत्याचा मोबाईल बिघडला. बिघडला नाही. फोनवर तू "बरं आत्या, ठेवते" म्हणतेस, मग माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले. शेवटच्या पानावर उडी मारू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे. ओळीनं वाच.

वेल्ह्यात आमचं नेहमीचं चाललंय. शनिवार-रविवार तोरण्यावर चढणारी पोरं येतात, पिठलं-भाकरी मागतात, फोटो काढेपर्यंत पिठलं गार करतात आणि मग गार आहे म्हणून मलाच सांगतात. तुझे काका गल्ल्यावर बसून सगळ्यांशी गोड बोलतात. मी आपली प्रत्येकाच्या पायाकडं बघते, कोण पैसे न देता सटकणार ते पायावरून कळतं. काका म्हणतात, ही प्रसादाचा पेढासुद्धा उलटा करून बघते. बघते तर बघते. बघितल्याशिवाय मला गिळवत नाही.

ते पुस्तक आलं तेव्हाही मी उलटंसुलटं करून बघितलं होतं. खिंडकर कुलवृत्तांत. कापूरहोळच्या गेनूमास्तरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसरं काहीच केलं नाही. जिथं म्हणून खिंडकर हे आडनाव दिसेल तिथून ते उचलून आणलं. पुण्याच्या दफ्तरातले मोडी कागद, संस्थानाच्या काळातला बांधाचा एक निवाडा, कुणा नागपूरच्या खिंडकरानं डोंगरातल्या गवतावर केलेली पीएचडी, आणखी कुणाचा तरी देवळांवरचा लेख. सगळे एका पुस्तकात आणि सगळे बाळोजी खिंडकराचे वंशज. मी तेव्हाच म्हणाले होते, अहो, खिंडीपाशी घर असलेला हरेक माणूस खिंडकरच व्हायचा, त्यात गवतवाला आपला भाऊ कसा झाला? पण नसरापूरच्या कार्यालयात मेळावा झाला, फेटे बांधले, तुझ्या अण्णांना स्टेजवर बोलावून प्रत दिली. माझं कोण ऐकतंय.

पुढचं तुला पाठच आहे. अण्णांनी भोरला तुझ्या स्वरूपची चौकशी केली होती, मुलगा त्यांच्या मनात भरला होता. आडनाव एकच म्हणून भावकीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा अण्णाच म्हणाले होते की आडनावानं काय होतंय, देवक वेगळं असलं की झालं, साखरपुड्याच्या बोलणीत विचारून घेऊ. आणि बोलणीच्या आधीच पुस्तक हातात पडलं. त्यात स्वच्छ छापलेलं. बाळोजीचे दोन मुलगे, एक वेल्ह्याकडं राहिला, दुसरा भोरला उतरला, आणि दोन्ही घरांचं देवक कळंब. एक आडनाव, एक देवक, म्हणजे तुम्ही दोघं बहीणभाऊ. अण्णांनी पुस्तक मिटलं आणि स्वरूपलाच कळवून सोयरीक मोडली.

तू म्हणालीस, अण्णांनीच हे लिहवून घेतलं. त्यांना पुण्याचा तो फ्लॅटवाला जावई हवाय, तोंडावर नाही म्हणवेना म्हणून मास्तरांना हाताशी धरलं. वैष्णवी, माझ्या मनातही तेच आलं होतं. घरातले जुने कागद अण्णांनी स्वतः मास्तरांना नेऊन दिले होते. मास्तर आपल्याकडं जेवायला आले, तेव्हा अण्णांनी कोंबडं कापलं. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं, पोरीच्या लग्नात बाप काय काय करतो ते मी पाहिलंय. मग मी ठरवलं, भोरच्या घरचं देवक आपण डोळ्यांनी बघायचं.

भोरला भाजी विकते ती फुलाबाई तुला आठवते. तिच्याकडून कळलं की स्वरूपच्या चुलतभावाचं लग्न निघालंय. मला आमंत्रण कुठलं? पण लग्नघरात इरकल नेसून शिरलेल्या बाईला कुणी विचारत नाही. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची. मारुतीच्या देवळातून देवक आणायला निघाले तेव्हा मीही वाजंत्र्यांच्या मागं चालले. देवक आणणारे नवरा-बायको उपरण्याखाली, हातात कुऱ्हाड, सगळं आपल्यासारखंच. मांडवात सूप खाली ठेवलं तशी मी बायकांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. कळंबाचं पानसुद्धा नव्हतं गं. मोराचं पीस होतं.

तिथंच स्वरूपची आजी, चंद्राबाई, खाटेवर बसली होती. म्हातारीला म्हटलं, तुमचं देवक मोरपीस का? ती म्हणाली, "व्हय, आमच्यात लई आदीपासनं मोराचंच पीस. कळंबाची डहाळी आमच्या दारात कदी आली न्हाई." मी कोण ते सांगितलं, तर म्हातारी फणकारली. "तुमच्याच भावानं मोडलं न्हवं? पुण्याचा जावई पायजे म्हनून? आमच्या स्वरूपनं सांगितलंय आमाला." छापलेलं पुस्तक तिनं पाहिलंही नव्हतं. त्या घरात कुणीच पाहिलं नव्हतं. तेव्हाही माझा संशय अण्णांवरच होता, उलट पक्का झाला. म्हटलं, त्यांनी मास्तरांना खोटं लिहायला लावलं आणि भोरला भलतंच कळवलं.

येताना मी कापूरहोळला उतरले आणि मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसले. चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, आडनाव दिसलं की जोडत सुटलात, माझ्या भाचीचं लग्न मोडलंत. मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, नुसत्या आडनावावर मी जोडत नाही. घरोघर देवक विचारलंय. भोरच्या चुलत्यांनी मोरपीस सांगितलं, तसंच मी लिहिलं होतं. मग छपाईला द्यायच्या आत त्यांचा पुतण्या स्वतः हितं येऊन बसला. स्वरूप. वेल्हेकरांचं देवक काय, ते आधी मला विचारलं. मी कळंब म्हणालो. मग म्हणाला, चुलते चुकले, आमचंही कळंबच, दुरुस्त करा." घरचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर त्यांनी ते बदललं. कळंब आला तशी दोन घरं त्यांनी बाळोजीखाली जोडून टाकली.

तरीसुद्धा मला वाटलं, अण्णांनीच धमकावून पाठवलं असेल पोराला. बघ, माझा संशय किती चिवट. दुसऱ्या दिवशी परत भोर गाठलं, स्वरूपला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बोलावलं आणि सरळ विचारलं, तुला कुणी पाठवलं होतं? त्यानं चहावरची साय चमच्यानं बाजूला केली. मग म्हणाला, "कुणी नाही, आत्या. मला तिला नाही म्हणता येईना. एवढ्या वर्षांची ओळख, तिनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पुस्तकात आलं की कुणाकडंच वाईटपणा नको, असं वाटलं." दुसरी कुणी आहे का, विचारलं. नाही म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं. असती तर बरं झालं असतं, चार शिव्या तिला देता आल्या असत्या. त्याला नुसतंच तुझ्याशी लग्न करायचं नाहीये. उठताना म्हणाला, तिला सांगू नका. मी चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि एसटीत बसले. खिडकीतून बाहेर बघत रडले. इतकं शांत बसून आपल्या पोरीचं नाव पुसणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तू मागं लिहिलंस की महिनाअखेरीला बंगळूरहून येतेस, स्वरूपला घेऊन पुण्यात नोंदणी लग्नाची नोटीस देणार, अण्णा आले तर आले. बाळा, म्हणून हे पत्र. तो येणार नाही. आज सुट्टी नाही म्हणेल, उद्या आजी आजारी म्हणेल, आणि तू एकटी कचेरीच्या बाकावर बसून आपल्या बापाला शिव्या देशील. तसं होऊ नये. अण्णांना यातलं काही ठाऊक नाही, मी सांगितलं नाही, ते तू सांग. पण एक गोष्ट मी लपवणार नाही. मागच्या आठवड्यात ते माझ्याकडं आले होते, वाळलेत खूप. काका बाहेर गेले तसे हळूच म्हणाले, रत्ना, एका देवकात लग्न लावायचा काही तोडगा असतो का गं, मी भैरवनाथाच्या गुरवाला विचारलं, तो नाही म्हणाला, तू आणखी कुणाला विचारून बघशील? तू त्यांचा फोन घेणं बंद केलंस तेव्हापासून ते गावोगाव हेच विचारत फिरताहेत.

तुझीच,
रत्नाआत्या