तीन मडकी, चाळीस घरं

पिंपळे गुरव,
५ मार्च १९५६

ती. उद्धवदादास शालनचा शि. सा. न.

सातारच्या शाळेत गणित शिकवतोस तेवढं पुरे की. आमच्या गावाला कशाला शिकवायला निघालास? सरकारनं एकच विहीर मंजूर केली आहे, आणि ती कुठं खणायची हे गावानं निवडलेला समितीचा प्रमुख ठरवणार. वरच्या आळीकडून हे उभे आहेत, खालच्या आळीकडून बबनराव. तिसरे मारुतराव. त्यांना विहीर कुठं हवी हे त्यांनाही ठाऊक नसावं. आजवर घरटी एक हात वर झाला की काम भागत होतं. आता हात मोजणं चूक म्हणणारं तुझं पत्र ह्यांनी पारावर वाचलं आणि सगळेच पंडित झाले.

सासूबाई पवना नदीच्या उतारावर घसरल्यापासून पाण्याच्या सगळ्या खेपा माझ्या डोक्यावर आहेत. ह्या विहिरीशी खेळू नकोस, दादा.

मुलांना पापा, वहिनींना नमस्कार.
शालन

सातारा,
१२ मार्च १९५६

चि. सौ. शालन हीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुला पाढे शिकवले ते वाया गेले म्हणायचे! हात मोजणे म्हणजे मेंढरे मोजणे. पहिला नाही तर दुसरा कोण चालेल, हे त्यात कोणी विचारतो का? परदेशात विद्वानांनी यावर ग्रंथ लिहिले आहेत. रीत अगदी सोपी आहे. तिघांची तीन मडकी ठेवावीत, घरटी तीन चिंचोके द्यावेत. पहिल्या पसंतीला दोन, दुसऱ्या पसंतीला एक. प्रत्येकाने मनातले खरे तेवढे टाकावे, पुढचे गणित पाहून घेईल. अर्जुनराव येणारच. निर्धास्त राहा.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
उद्धव

पिंपळे गुरव,
२८ मार्च १९५६

ती. दादास शि. सा. न.

तुझं गणित पाहिलं. मडकी माझीच नेली, गेरूनं नावं घालून. चिंचोका मात्र एकाही बाईच्या हाती दिला नाही.

'मनातले खरे' हे तुझं वाक्य ह्यांनी वाचलं तेव्हा पारावर सगळे हसले. मग ह्यांनी आमच्या वीसही घरी जाऊन बजावलं, की दुसऱ्या पसंतीचा चिंचोका बबनरावाला देऊ नका, मारुतरावाच्या मडक्यात टाका, ते कुठं निवडून येतात! बबनरावांनीही आपल्या सोळा घरांना हेच सांगितलं. मारुतरावांच्या भावकीची चार घरं होतीच; त्यांचे दुसऱ्या पसंतीचे चिंचोके ह्या दोघांत दोन-दोन पडले. मारुतराव चव्वेचाळीस, हे बेचाळीस, बबनराव चौतीस. हात वर केले असते तर हे वीस-सोळानं आले असते. आमच्याच घरांनी आमची विहीर बुजवली, आणि हे अजून बबनराव पडल्याच्या आनंदात आहेत.

मारुतराव म्हणाले, दोन्ही आळ्यांचं एकमत झालं की लगेच कुदळ मारू. ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

ह्यांच्या नावाचं मडकं घेऊनच मी नदीवर जाते. नाव पहिल्याच खेपेला धुऊन गेलं. भाऊबीजेला नक्की ये. ओवाळीन, पण आंघोळीचं पाणी उतारावरून तुलाच आणावं लागेल. खेपा मोजायला तू आहेसच.

तुझीच,
शालन