भाभींच्या घरातले घोडेवाले

आई, परवा मोबाईलवर सहज काहीतरी बघताना उंच्या दिसला. तोच, टोपी डोळ्यांवर ओढून घोड्यावर आळसावल्यासारखा बसणारा. आता मला त्याचं खरं नाव कळलंय, त्याची किती लग्नं झाली तेही कळलंय, पण तुला त्याचा काय उपयोग? तुझ्यासाठी तो उंच्याच.

शेजारच्या भाभींच्या नवऱ्यानं कुवेतहून व्हिडिओ आणला, तो मंगळवार पेठेतल्या आपल्या बोळातला पहिला. सोबत पिशवीभर कॅसेटी होत्या. कुणीतरी स्वस्तात त्यांच्या गळ्यात मारलेल्या, सगळ्या जुन्या, इंग्रजी, काळ्यापांढऱ्या, घोड्यांच्या आणि बंदुकांच्या. भाभींनी कपाळावर हात मारून घेतला. पण व्हिडिओ घरात आहे म्हटल्यावर काहीतरी लावायला हवंच, म्हणून दुपारी बायका जमू लागल्या. तुझ्या खानावळीत दुपारची पंगत उठली की रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत जरा उसंत असायची, तेव्हा तूही लसणाची पाटी घेऊन जायचीस. टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी सकाळची पाळी असली की मीही येऊन बसायची. इंग्रजी थोडंफार मलाच कळायचं, पण माझ्याकडून अर्थ विचारून घ्यायची तुम्हाला कुणाला गरज पडली नाही. नटांची नावं तुम्हीच पाडलीत. उंच्या, गिटार घेऊन गाणारा गवई, आणि सारखा घोड्यावरून पडणारा जाड्या. तुझं लक्ष भलतीकडंच असायचं. "एवढं गाव वसवलंय, दारूचं दुकान हाय, फाशीचा खांब हाय, पर एक खानावळ न्हाई," तू म्हणायचीस. "ह्यास्नी जेवाय कोण घालतंय?"

पुढच्या एका कॅसेटीत उंच्या पुन्हा आला आणि तू सोलता सोलता थांबलीस. "ह्यो तर त्योच न्हवं? परवा त्या शेतवालीला सोडून गेला, आन् हितं दुसरंच नाव सांगतोय." भाभी हसायला लागल्या. "मावशी, ह्यो दुसरा पिक्चर हाय. नट हाय त्यो." तू शांतपणे म्हणालीस, "कळतंय की. येडी न्हाय मी. पर गाव बदललं, नाव बदललं, तरी शेवटाला घोड्यावर बसतोयच न्हवं? एकीच्या बी घरात टिकला न्हाय." मग सगळ्याच बायकांना ते पटलं. कुठल्या कॅसेटीत कोण मागं राहिली, तिच्या शेताचं पुढं काय झालं असेल, याची चर्चा पाण्याच्या नळावरसुद्धा चालायची. तरी तू त्याची एकही कॅसेट चुकवली नाहीस. तो तुला आवडायचा, आई. मला दिसत होतं.

आण्णांचं नाव त्या खोलीत कुणी काढलं नाही. मी लहान असताना ते काजूच्या धंद्यासाठी आजऱ्याला गेले, जम बसला की तुम्हाला नेतो म्हणाले, आणि तिथंच त्यांनी दुसरा संसार मांडला. बोळातल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. तू कॉलेजच्या पोरांचे डबे करता करता खानावळ उभी केलीस आणि मला शिकवलंस. पण मला बघायला येणारी माणसं चहा संपायच्या आत विचारायची, वडील काय करतात? "आजऱ्याला असतात," मी सांगायची, आणि ती माणसं एकमेकांकडं बघायची. मला वडील हवे होते. कसलेही चालले असते.

आणि ते आले. भरदुपारी, एक पिशवी घेऊन, पंगतीच्या बाकड्यावर अंग चोरून बसले. केस पांढरे झालेले, तरी मी ओळखलं. मी धावत भाभींकडं आले आणि तुझ्या कानात सांगितलं. तू पडद्यावरची नजर काढली नाहीस. "संपू दे," म्हणालीस. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. उंच्या घोड्यावर बसून निघून गेला, पांढरी अक्षरं आली, मग तू पदर झटकून उठलीस.

तू घरात येतेस. आण्णा उभे राहतात. नव्या गिऱ्हाइकाला म्हणायचीस त्याच आवाजात तू म्हणतेस, "पावणं, हात धुवा." ताट वाढतेस. भाकरी, आमटी, खर्डा, वर कांदा फोडून. ते मान खाली घालून जेवतात. मी दाराला टेकून उभी. जेवण झाल्यावर ते म्हणतात, "तिकडचं समदं संपलं. पोरानं भायेर काढलं. आता मी कुठं जात न्हाई." तू ताट उचलतेस. "हितं जेवाणाची सोय हाय," तू म्हणतेस. "ऱ्हायाची न्हाई." मी काहीतरी बोलेन या आशेनं ते माझ्याकडं बघतात. मग पिशवी उचलून स्टँडच्या दिशेनं चालू लागतात.

मी तुझ्याशी भांडले, तेव्हा तू पीठ मळत होतीस. "पिक्चरमधला गेला की बघाय बरं वाटतं," तू म्हणालीस. "घरातला गेला की चूल आपुनच पेटवायची असती." आण्णा पुन्हा आले नाहीत. ते गेल्याचा निरोप आजऱ्याहून आला, त्या दिवशीही तुझी पंगत वेळेवर बसली.

तू केलंस ते बरोबर केलंस, असं मी सगळ्यांना सांगते. माझ्या मुलींना तर अभिमानानं सांगते. पण आई, मला ते हवे होते. बाकड्यावर नुसते बसून राहिले असते तरी चाललं असतं. तुझ्या तोंडावर हे म्हणायची माझी तेव्हा टाप नव्हती, आणि तू समोर असतीस तर आजही झाली नसती.