कुठली सायकल, ते तुमीच ठरवा

४ नोव्हें., मंगळ.
मिरजेला गुडघा दाखवला. डॉक्टर म्हणाले, पळणं बंद, कायमचं. सायकल चालवा. वीस वर्षं फौजेत पळण्याचीच भाकरी खाल्ली. आता पेन्शन घ्यायची आणि बसायचं. बरं.

येताना सांगलीत उतरलो, सासुरवाडीला. आमची लेक अनू कॉलेजसाठी आजोळीच असते. पण तिची आई, म्हणजे सुरेखा, दिवाळीला गेली ती साताऱ्याला परत आलीच न्हाई. चहा पुढं ठेवून म्हणाली, "फौज सुटून वर्ष झालं, तुमी भिंतीकडं तोंड करून पडलाय. मला न्हाई राहवत त्या घरात." खोटं काय न्हाई त्यात. डॉक्टरांचं सांगितलं. म्हणाली, "मग घ्या सायकल. कुठली, ते तुमीच ठरवा. मला विचारायचं न्हाई, कुणालाच न्हाई. एक गोष्ट स्वतःहून करा, मग यायचं का ते मी बघते."

६, गुरु.
अत्तारचाचांचं सायकलीचं दुकान. चाचांनी विचारलं, डांबरावर चालवणार का डोंगरात? म्हटलं, यवतेश्वराकडं, कच्च्या वाटेनं, सहज फिरायला. मग त्यांनी जाड टायरच्या दहा-बारा काढल्या. पुढंच धक्के झेलणारा शॉकर, दोन्हीकडं शॉकर, चाक लहान, चाक मोठं. "फौजी, आवडली कुठली?"
काय सांगावं कळेना. फौजेत बूट, कांबळं, खाट, सगळं मिळेल ते घेतलं. बायको बी आईनं बघितली. मी सुट्टीवर आलो आणि बोहल्यावर उभा राहिलो. चाळिशीचा बाप्या, सायकलींपुढं घाम फुटला. हात हलवत घरी.

७, शुक्र.
पडून.

९, रवि.
बाजीराव आला. आमच्याच युनिटचा, माझ्याआधी सुटला. त्याला म्हटलं, चल जरा दुकानात. (विचारायचं न्हाई, हे माहीत असून.) "लय इचार करतोस गड्या. मोठी घे, मजबूत घे." सगळ्यात मोठ्या मापाची, दोन्हीकडं शॉकरवाली त्यानंच काढली. चाचा म्हणाले, जरा मोठी होतीय. हा म्हणतो, "वाढत्या मापाचं असावं चाचा." चाळिशीत मी कुठं वाढणार हाय? पण मान हलवली. चाचा म्हणाले, आठ दिवसांत आणली तर बदलून देतो.

१०, सोम.
सु.ला फोन. "घेतली. माझी मीच." "हीच का घेतली?" "मजबूत हाय." ती म्हणाली, "हे बाजीराव भावोजींचं बोलणं." तिनं ठेवला फोन. अठरा वर्षांचा संसार, आणि तिला फसवायला निघालो. लाज वाटली. अजून वाटते.

११, मंगळ.
यवतेश्वराच्या पायथ्याची वाट. एका वळणावर थांबायला गेलो, पाय भुईला लागेना, आडवा झालो गवतात. सायकलीला ओरखडा न्हाई, कोपर सोललं. शेरडं राखणारी म्हातारी बघत होती. "आवं, कुणाची आणली सायकल?" म्हटलं, माझीच हाय. "वाटत न्हाई," म्हणाली. ढकलत घरी आणली.

१३, गुरु.
काल-आज उठलोच न्हाई. चूल न्हाई, अंघोळ न्हाई. आई गेली, पलटण सुटली, आता सु. बी. मला सांगणारं कुणी उरलं न्हाई तर मी नुसता पडून असतो, एवढंच माझं. असं जगायचं म्हणजे…

१५, शनि.
बदलायचे आठ दिवस संपायला आले म्हणून मोठी सायकल ढकलत दुकानात गेलो. एकटा. चाचांना म्हटलं, मला काय सांगू नका. "बरं," म्हणाले आणि पेपर उघडला. मागच्या गल्लीत एकेक चालवली. सहा. काळी दिसायला देखणी होती, कुणीबी तीच घेतली असती. मधल्या मापाची एक मातकट हिरवी, पुढंच शॉकर. खड्ड्यात घातली, करकचून ब्रेक दाबला, परत घातली. काळीवर परत बसलो. परत हिरवी. दीड तास गेला. "ही," म्हटलं. चाचांनी खरंच काय सांगितलं न्हाई.

१६, रवि.
सकाळी फोन केला. अनूनं उचलला. "पप्पा, स्पीकरवर टाकलाय. आई इथंच आहे." हिरवी घेतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आई विचारतेय, का घेतली?"
मजबूत हाय म्हणणार होतो. म्हटलं, "हिच्यावर भ्या वाटलं न्हाई."
मागनं सु.चा आवाज आला. "त्यांना भ्या वाटतं व्हय?"
"व्हय," म्हटलं. "लय."
खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अनू हळू म्हणाली, "पप्पा, आई आत गेली."
ती परत येणार का, ते विचारायचं माझ्यानं झालं न्हाई.