बिनबटणांचा कोट

१९ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. खुब्याचं हाड जुळत आलं, काठी घेऊन खिडकीपर्यंत जातेस, हे वाचलं. माझंही बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण जन्मभर बसून लिहिणाऱ्या बाईच्या गुडघ्यांनी दुसरं काय करायचं?

उत्तराला उशीर झाला तो पुस्तकामुळे. संपादकबाईंनी या खेपेला माझी चांगलीच हजेरी घेतली. म्हणाल्या, "तुमची सगळी प्रेमं बागेतल्या बाकावरच का हो जमतात? वाचक आता तो बाक ओळखायला लागलेत." मला राग आला, पण बाईंचं चुकीचं नव्हतं. तेव्हा ठरवलं, यंदा खुर्चीत बसून प्रेम जुळवायचं नाही. जुन्या माणसांकडे जायचं आणि विचारायचं, तुमच्यात मुलाला मुलगी आवडली की तो काय करायचा?

सुरुवातीला फार मजा आली. नदीकाठची एक होडीवालीण सांगत होती, त्यांच्यात मुलगा मुलीच्या बापाचं वल्हं दुरुस्तीला म्हणून घेऊन जायचा. बापाने परत मागितलं नाही, की पोरगी दिली असं समजायचं. "माझ्या बापाने तर चांगलं वल्हं मुद्दाम मोडून दिलं," म्हणाली, "एकदाची जाऊ दे ही म्हणून!" मी हसून हसून बेजार. घरी आले ती थेट टेबलाशी. कितीतरी दिवसांनी लिहिताना हात भराभर चालत होता.

मग शिंप्यांच्या गल्लीत गेले. आपल्या.

आपला जिना तसाच आहे. खालच्या दुकानात मास्तरीणबाई अजून मशीनवर बसते. मास्तर गेले. मला तिने आवाजावरून ओळखलं, स्टूल पुढे सरकवलं. मी विचारलं तेच, सगळ्यांना विचारत होते ते.

"आमच्यात तोंडाने विचारत नसत," ती म्हणाली. "मुलगा स्वतःसाठी कोट शिवायचा. अगदी अस्तरासकट पूर्ण, फक्त बटणं लावायची नाहीत. तो मुलीच्या घरी पोचवायचा. तिने बटणं लावून धाडला की होकार. तसाच परत आला की नकार. बोलाचाली नको, कोणाची मान खाली नको."

मी लिहून घेत होते. मनात म्हणत होते, संपादकबाई आता खूश होणार. तेवढ्यात ती म्हणाली, "पण तुला मी काय सांगायचं? तुमच्याकडेही आला होता की. राखाडी कोट. तू परत पाठवलास."

ताई, माझा हात तसाच लिहीत राहिला. 'राखाडी' असं लिहिलंय मी त्या पानावर, अक्षरही वाकडं नाही.

मास्तरांच्या दुकानातला टेप आठवतो ना? नाव तूच ठेवलं होतंस, सदान्कदा गळ्यात टेप अडकवून फिरायचा म्हणून. जिन्यात भेटला की आम्ही उगाच उभे राहायचो. आईचं औषध आणायला मी खाली उतरले की हा नेमका दाराशी. मी वाट पाहत होते, हा कधी काही बोलेल. मग अचानक त्याने माझ्याकडे बघणंच सोडलं. मी म्हटलं, असेल, पुरुष असतात असे. आणि तसे पुरुष पुढे माझ्या प्रत्येक कादंबरीत आले.

गल्लीतली ही कोटाची रीत मला माहीत नव्हती, मी दिवसभर आईपाशी असायचे. तुला माहीत होतं. तू मास्तरांकडे काज-बटणाला जायचीस.

मी त्याला जाऊन भेटले. त्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर आहे, मुली कामाला लागल्यात, बायको हसतमुख. तो सुखात आहे. हे वाचून तुझ्या जिवाला बरं वाटेल, पण वाटून घेऊ नकोस. बायकोने चहा ठेवला आणि तीही बसली. मी सरळ विचारलं.

तो म्हणाला, "तुमच्या ताईंनीच खाली आणून दिला. मी विचारलं, काही म्हणाली का? तर म्हणाल्या, ती हसली. म्हणाली, शिंप्याला कोटांची काय कमी!"

मी म्हटलं, "मी तो कोट पाहिलासुद्धा नाही."

त्याने गळ्यातला टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळत बसला. त्याच्या बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बरोबरच केलं तिने, नवरा तिचा.

परत पाठवायचाच होता तर नुसता द्यायचास ना, ताई. ते हसू कशाला चिकटवलंस माझ्या तोंडाला?

कारण मला कळतं. तुझं लग्न ठरलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. दोघी गेलो तर तिचं कोण करणार, हा हिशेब तू एकटीने करून टाकलास. मला विचारलं असतंस तर कदाचित मी राहिलेही असते. पण मग ते राहणं माझं असतं. वर दर लग्नकार्यात चारचौघांत म्हणायचीस, "हिला कोण पसंत पडणार? हिचे नवरे सगळे कागदावरचे!" सगळे हसायचे. मीही हसायचे.

पुस्तक पूर्ण झालं. सगळं आहे त्यात, कोट, जिना, बटणं. नायिकेच्या बहिणीला मी शेवटी मारलं नाही. संपादकबाई म्हणत होत्या, मारा, वाचकांना बरं वाटेल. मी तिला दीर्घायुष्य दिलं आणि स्मरणशक्ती शाबूत ठेवली. अर्पणपत्रिकेत एकच शब्द आहे, 'ताईला'. आपल्या नात्यात दुसरी ताई नाही. तुझ्या शेजारणींना माझी पुस्तकं तूच वाटतेस, हेही वाट.

आता तुझ्या पत्राचं. लिहिलंयस, "इकडेच येऊन राहा, तुला काय, कुठेही बसून लिहिता येतं." मी येणार नाही. दिवसरात्र राहणारी बाई ठेव.

तुझ्या लेकीचाही फोन आला होता. "मावशी, आईला तुझ्याशिवाय कोण आहे गं?" मी तिला सगळं सांगून टाकलं. पुस्तकातून कळण्याआधी घरातून कळावं म्हणून, असं मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तुझ्या लाडक्या लेकीच्या तोंडून तुझ्याविरुद्ध एक शब्द ऐकायचा होता मला. तो तिने दिला नाही. हळूच एवढंच म्हणाली, "आजीला माहीत होतं?"

मी फोन ठेवला.

आईची खाट दारासमोर होती. घरात आलेलं काहीही तिच्या नजरेखालूनच आत यायचं. जाण्याआधी तिने माझा हात धरला होता. "तू होतीस म्हणून..." एवढंच म्हणाली, पुढे शब्द फुटला नाही. इतकी वर्षं मी ते कौतुक समजत आले. आता रोज ते वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने पुरं करून बघते.

उत्तर फक्त तुझ्याजवळ आहे. ते पाठवू नकोस. पत्राने नको, लेकीकडून निरोप नको. माहीत होतं म्हणालीस तर माझी आई जाईल. नव्हतं म्हणालीस तर मी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. सांगून मोकळं व्हावंसं तुला वाटेल, फार वाटेल. पण ऐकायला मी नसेन.

आईला मी सांभाळलं. हे तू सांभाळ.

तुझी बहीण,
एवढं खोडता येत नाही म्हणून