खंडेनवमीला आलेल्या मॅडम

२६ सप्टेंबर १९७८, मंगळवार
मुंबईहून परदेशी वकिलातीचं पत्र. गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाला मैत्रीची भेट म्हणून सहा शिलाई मशिनी दिल्या, त्या चालतात कशा हे बघायला त्यांच्या मॅडम येणार. काम चालू असताना फोटो काढणार, मगच आणखी चार मशिनींची शिफारस दिल्लीला जाणार. त्या चार पारूबाईंच्या वाडीसाठी मागितल्यात. पारूबाई चाकणच्या पुढून दोन एस.टी. बदलून इथे संत तुकाराम नगरला शिवायला येतात. वाडीतल्या बाकीच्यांना घरचे इतक्या लांब सोडत नाहीत.
तारीख आम्ही कळवायची होती. सेक्रेटरी मी. शाळेला सुट्टी बघून १० ऑक्टो. कळवली. पत्र स्वतः टाइप केलं, एकही चूक नाही.

९ ऑक्टो., सोमवार
चूक आहे.
ह्यांची सेकंड शिफ्ट, म्हणून दुपारी जेवायला घरी. म्हणाले, "उद्या खंडेनवमी. तुमच्या मशिनी पूजेत की कामावर?" घास हातातच राहिला. सुट्टी कशाची हेच मी बघितलं नव्हतं. "आमच्याकडे उद्या साहेबसुद्धा लेथला हात लावत नाही," हे वर. हसत होते. मास्तरणीची जिरली की ह्यांना कोण आनंद.
तारीख बदलायला पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला. दोन तास बसले, लागला नाही. अध्यक्षा मालतीबाई म्हणाल्या, मॅडमसमोर दोन टिपा मारू आणि मग पूजा करू. पटलं.

१० ऑक्टो., खंडेनवमी
मी आठला पोचले तर पारूबाई माझ्या आधी. सहाही मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून तयार. कात्र्या, टेप, अंगुस्तानं पाटावर ओळीनं. मशिनींवरच्या वकिलातीच्या नावाच्या पितळी पट्टीवरसुद्धा कुंकू.
मालतीबाईंनी दोन टिपांचं काढलं.
"बाई, पोळ्याला बैल जुंपता का तुमी? वरीसभर राबत्यात त्या. आज न्हाई."
"अगं, तुझ्याच वाडीच्या मशिनी हातच्या जातील."
"जाऊ द्या. हायेत त्यांचा मान ठिवून नव्या मागू की."
बाकीच्या सगळ्या पारूबाईंच्याच बाजूला. राग आला मला. 'नाही' ऐकायची सवय नाही, वर्गात कोण म्हणतं. आणि घोळ तर माझाच.
अकराला मॅडम. सोबत दुभाषी गृहस्थ. मॅडमनी चपला न सांगता बाहेर काढल्या. आज यंत्रांना विश्रांती, असं मी दुभाष्यांमार्फत सांगितलं. मॅडमनी माळा बघितल्या, पट्टीवरचं कुंकू बघितलं आणि पिशवीतून कॅमेरा काढला. तेवढ्यात पारूबाई पुढे, हात पसरून.
"ह्ये बी हत्यारच की बाईंचं."
कॅमेरा घेतला, पाटावर कात्रीशेजारी ठेवला, कुंकू लावलं, वर फूल. दुभाषी माझ्याकडे बघताहेत, मी जमिनीकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं...
मॅडम हसल्या. खिशातलं पेन काढून आपल्या हातानं कॅमेऱ्याशेजारी ठेवलं.
झालं, फोटो नाही, टिपणं नाहीत. दोन तास बसल्या मात्र. तयार फ्रॉक, परकर एकेक हातात घेऊन बघितले. पारूबाई प्रत्येक वेळी कापड उलटं करून पुढे धरायच्या. "आतली बाजू बघा. शिवण तिथं कळती."
निघताना मॅडमनी सांगितलं, फोटोशिवाय दिल्लीवाले काय म्हणतील माहीत नाही, शब्द देत नाही. कॅमेरा परत देताना पारूबाईंनी बजावलं, आज उघडायचा नाही. मॅडमनी मान हलवली. दारातून सगळ्याजणींकडे एकदा बघितलं, पण कॅमेऱ्याचं कातडी पाकीट मिटलेलंच.
मालतीबाई रागानं तडक घरी गेल्या. मला मात्र, इथे लिहायला हरकत नाही, फार अभिमान वाटला. मागायला उभ्या होत्या बायका, पण मान खाली नव्हती एकीचीही.

२० नोव्हें.
दिल्लीहून काही नाही. मॅडमचं आभाराचं कार्ड आलं, त्यात मशिनींबद्दल अक्षर नाही. मालतीबाई: "सांगत होते मी."

१७ डिसें., रविवार
वाडीला गेले. पत्र नाही हे तोंडानं सांगावं म्हणून. एस.टी.त वाक्यं जुळवत बसले होते.
पारूबाईंनी बोलूच दिलं नाही. हात धरून देवळामागच्या खोलीकडे. खोली बंद पडलेली होती म्हणे, आता चुना दिलेला, खाली सारवलेलं. जमिनीवर खडूनं चार चौकोन. मशिनींच्या जागा. खिडकीजवळची उजेडाची, ती थोरल्या जावेला, तिला कमी दिसतं.
"पारूबाई, पत्र आलं नाही अजून."
"येऊ द्या सवडीनं."
"आणि नाहीच आलं तर?"
"सुया हायेत की."
चारही चौकोनांत एकेक बाई बसून हातानं शिवत होती. मी जवळ गेले तशी खिडकीजवळची जाऊ थांबली आणि कुणी न सांगता कापड उलटं करून माझ्यापुढे धरलं.